गाइडचा पाहुणचार

आमच्या मिस्त्रीला सरळ कापता येत न्हाई, हे आमच्या झरी गावात शेंबड्या पोरालाबी ठाऊक हाय. मी त्यांची बायको, मीच सांगायलेय, म्हणजे दुसऱ्या कोणी येऊन सांगायची गरज न्हाई. सारा जन्म गेला बैलगाडीची चाकं करण्यात. चाकाच्या तुकड्याला बाक लागतो, आन् तो बाक त्यांच्या हातात असा बसला की करवत धरली की हात आपसूक वळायचा. चाकाला नाव लय होतं त्यांच्या, पार पालमची माणसं यायची. मग टायरच्या गाड्या आल्या, लाकडी चाक कोणी विचारीना, आन् मिस्त्री दारं-खिडक्या करायला लागले.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्यात अंगण सरळ होतं, दारच वाकडं. शाळेचं दार लावायला दोन मास्तर लागायचे, एक उचलायला आन् एक ढकलायला. आमच्या स्वतःच्या दाराच्या फटीतून मांजर येती, आन् पोटुशी असली तरी येती. मी बोलले की मिस्त्री म्हणायचे, "हवा खेळती राहती घरात."

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या साली किशनरावांनी नवं घर बांधायला काढलं. किशनराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, आन् घरबी तसंच, दारं-खिडक्या मोजता मोजता माणूस बेजार व्हावा असं. ते आमच्या वट्यावर येऊन बसले आन् म्हणले, "रंगनाथ, तुझा बाप आमच्या घरचा सुतार होता, म्हणून पहिलं तुला विचारायलोय. मोठं दार कर. एका हातानं लागलं तर सारं काम तुझं. न्हाई लागलं तर परभणीचा सुतार आणीन, मग राग धरायचा न्हाई."

आता परभणीचा सुतार एकदा किशनरावांच्या घरात शिरला की सारं गाव त्याच्याच मागं जाणार, हे सांगायला जोतिषी नको. मग मिस्त्रीला परभणीच्या आरागिरणीवर ओंडके उचलायला जावं लागलं असतं, पन्नाशीच्या वयात. त्या दिवशी ते जेवले न्हाईत. मी त्यांचं ताट झाकून ठिवलं.

पिठाची गिरणी चालवणारा मुंजाजी म्हणला, "इजेवरची करवत घ्या. हाताचा काय भरवसा." विजेचं काहीबी असलं की गावात मुंजाजीचा शब्द शेवटचा. मिस्त्रीनं चाकांसाठी साठवलेलं बाभळीचं लाकूड वीटभट्टीवाल्याला विकून टाकलं आन् परभणीची एसटी धरली.

तिथं दुकानात दोन कंपन्यांच्या करवती. एक वज्र, एक गजराज. मिस्त्री दोन्ही उचलून बघून हात हालवत परत. आठ दिवसांनी परत गेले, परत तसंच. मी म्हणलं, "मला बघायला आलते तवा एकदाच बघितलं, तेबी चहा पिता पिता. मशीनीचं एवढं काय हाय?"

म्हणले, "मशीन माघारी देता येत न्हाई."

"आन् मी?"

मिस्त्री टोपी घालून गिरणीवर निघून गेले. गिरणीवर तर दोन पार्ट्या पडल्या. मुंजाजी वज्रवाला, कारण तिला दोन वर्षांची गॅरंटी. बाकीचे गजराजवाले, कारण नाव दणकट. दळणं राहिली बाजूला आन् गडी भांडायलेत. त्यातल्या एकानंबी ती करवत डोळ्यानं पाहिलेली न्हवती.

शेवटी मिस्त्री गजराज घेऊन आले. तोंड उजळलेलं. मी म्हणलं, "हीच का?"

"हिच्यासंगं गाइड फुकट हाय."

वेरूळला लेणी दाखवणारा गाइड मिस्त्रीनं पाहिलेला होता, त्यामुळं गाइड म्हणजे कंपनीचा जाणता माणूस, ह्यात त्यांना शंका न्हवती. मलाबी न्हवती. दुकानदार म्हणे, गाइड असला की करवत इकडंतिकडं जातच न्हाई. तो मुंबईहून यायचा हाय, आला की झरीच्या बसमधी टाकून देतो, तुमी उतरून घ्या.

"किती दिवस राहणार?" मी विचारलं.

"मीबी तेच विचारलं. दुकानदार म्हणला, जन्मभर राहील."

माझं डोस्कंच फिरलं. "जन्मभर? आन् करायचं कोणी त्याचं?"

"अगं, लय काही न्हाई. उन्हात ठिवायचं न्हाई, रोज फडक्यानं पुसायचं, मधूनमधून तेल लावायचं. आन् कायम आडवंच ठिवायचं, उभं ठिवलं तर वाकतो म्हणले. वयस्कर असंल बिचारा, पाठीचं दुखणं दिसतंय."

मी म्हणलं, अंगाला तेल मी लावणार न्हाई, आधीच सांगून ठिवते. ते म्हणले, मी लावतो. त्यांनी आजवर कोणासाठी पाण्याचा तांब्या भरलेला मी पाहिलेला न्हवता. तरी मी बाज ताणून घेतली, वर नवी वाकळ टाकली, आन् बस यायच्या दिवशी पुरणाचा घाट घातला. कितीबी झालं तरी मुंबईचा पाहुणा. शेजारची कमलबाई सकाळपासून उंबऱ्यात येऊन बसली, गाइड कसा असतो ते बघायला.

मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून, टोपी-टावेल आन् नारळ घेऊन फाट्यावर गेले. बस थांबली. कंडक्टरनं गोणपाटात गुंडाळलेलं एक लांबडं लोखंड खाली सोडलं आन् म्हणला, "घ्या तुमचा गाइड."

मिस्त्रीनं बसमधी डोकावून विचारलं, "आन् माणूस?"

"कसला माणूस, मामा? ही पट्टी हाय. हिच्या कडंनं करवत चालवायची."

सारी बस हसली. पट्टी खांद्यावर घेऊन मिस्त्री घरी आले, ती वाकळीवर आडवी ठिवली आन् शेजारी बसले. कमलबाई हसत हसत उंबऱ्यावरून घसरली. मीबी पदर तोंडात कोंबला, पण हसू काही आवरंना. हसता हसता त्यांच्या तोंडाकडं नजर गेली आन् मी थांबले.

ते म्हणले, "चाक शिकवलं आन् बाप गेला. सरळ काम शिकायचंच राहिलं. ह्या वयात कोणाला विचारू? वाटलं, मुंबईचा हाय, कुणाला न सांगता शिकवून जाईल."

मला लय वाईट वाटलं. एवढी वर्षं मी त्या दारांना हसले, पण ह्या माणसाला शिकवायला कोणी न्हवतं, हे मला सुचलंच न्हाई. मी पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं आन् म्हणलं, "जेवा. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. मिस्त्रीनं सागाच्या फळीवर पट्टी ठिवली, पण ती जागेवर राहीना. मशीन लागलं की सरकायची. मी म्हणलं, सरका, आन् पट्टीच्या टोकावर बसले. माझ्या वजनावर आजवर लय बोलले होते, त्या दिवशी एक शब्द काढला न्हाई. मशीन सुरू झालं. पट्टीवर बसल्याजागी मला दिसलं की मिस्त्रीचं कोपर चाक करायच्या सवयीनं बाहेर निघायलंय आन् करवत पट्टी सोडायलीय. मी वरडले, "कोपर आत." कोपर आत गेलं. परत निघालं, मी परत वरडले. मशीनीपेक्षा माझा आवाज मोठा, हे शेजारीबी सांगतील. फळी कापून झाली तवा मिस्त्रीनं कडेला दोरा धरून पाहिला. दोरा कडेपासून कुठंच सुटंना, काप सरळ आला होता. मग ते फळीवरून नुसता हात फिरवत बसले.

मोठं दार बसवलं त्या दिवशी अर्धं गाव किशनरावांच्या दारात. किशनरावांनी एका बोटानं दार लोटलं. ते गेलं आन् मुकाट लागलं. उघडलं, परत लोटलं, परत लागलं. मी बायांमधी मागं टाचा उंचावून उभी होते.

किशनराव म्हणले, "रंगनाथ, उद्यापासून खिडक्याला लाग. पण खरं सांग, गाइड म्हणून तर लोखंडाची पट्टी आली म्हणत्यात. मग शिकवलं कोणी?"

गडीमाणसं हसायच्या तयारीत. मिस्त्रीनं टोपी नीट केली आन् म्हणले, "आमच्या दगडाबाईनं."

दगडाबाई म्हणजे मी. नवऱ्यानं चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई, त्यात हे नाव तर माझं मलाच कधी आवडलं न्हवतं. त्या दिवशी मात्र लय गोड लागलं. घरात आल्यावर म्हणलं, "अहो, एकदा आजून म्हणा की."

मिस्त्री पाटावर बसत म्हणले, "काय म्हणू? भाकर वाढ, उद्या खिडक्याला पट्टीवर तुलाच बसायचंय."