बापूंची घोडी आणि बशीभर चहा

दुपारी दांडिया बाजारातली दुकानं शटर ओढून पेंगायला लागली, की आमच्या शेजारच्या बापू मोहित्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा. अंगणातल्या लाल, दोन दारांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडायचं, इंजिन सुरू करायचं आणि त्या चालू इंजिनाच्या झाकणावर काठोकाठ चहा भरलेली बशी ठेवायची! मग स्क्रू-ड्रायव्हरने दोन कार्बोरेटरपैकी एकदा याचा स्क्रू पिळायचा, एकदा त्याचा. नजर बशीवर. चहावरचे तरंग थांबले की गाडी जुळली. मग बापू बशी उचलून फुर्रकन पिऊन टाकत.

"बापू, पण लोकांच्या झोपेच्या वेळीच का?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अरे भाई, शांती राख ने!" बापू त्यांच्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाले. " एरवी रिक्षांनीच चहा हलतो. मग घोडीचं दुखणं कळणार कसं?"

पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार, म्हणून गाडीचं नाव घोडी. बापू स्वतः रिफायनरीतून निवृत्त झालेले. शहराबाहेरच्या एका बंद धावपट्टीवर हौशी मंडळी अधूनमधून गाड्या पळवत, तिथे बापू हजर. पण घोडी दर वेळी मध्येच बसायची आणि टेम्पोमागे दोराने बांधून परत यायची. सगळा बाजार दारात उभा राहून हसायचा. शेवटी त्यांच्या बायकोने, सुधाकाकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "अहो, या खेपेला दोर बांधून आली, तर तिथूनच भंगारात. मी बोलून ठेवलंय. मला दुपारची झोप हवी."

बापूंचा चेहरा पडला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बशी होतीच.

त्या रविवारी धावपट्टीवर मी बापूंच्या शेजारच्या सीटवर होतो. काकूही थर्मास घेऊन आल्या होत्या, निकाल बघायला. बापूंनी ॲक्सिलरेटर दाबला आणि घोडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. वळणावर टायर किंचाळले, बापू त्यांच्याहून मोठ्याने! "जो! जो! कशी धावते बघ!" माझी भीती कुठल्या कुठे पळाली आणि मीही ओरडायला लागलो.

आणि घोडी खोकू लागली.

कशीबशी कडेला घेतली. बापूंनी बॉनेट उघडून बशी ठेवली, पण मोकळ्या वाऱ्याने चहा तसाही हलत होता. कान लावला, तर आजूबाजूच्या गाड्यांचा गोंगाट. तेवढ्यात काकू पदर खोचून पुढे आल्या.

"सरका. माझ्या दुपारी नासवते तेव्हा ही अशी वाजत नाही. मागे काहीतरी फुसफुसतंय."

त्यांनी बोट दाखवलं तिथे हवेची एक रबरी नळी निसटली होती! बापूंनी ती घट्ट बसवली, बायकोकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "चालो, बेसी जा."

माझी सीट गेली. काकू बसल्या. सगळ्या फेऱ्या पुऱ्या करून घोडी परतली तेव्हा बापूंपेक्षा काकूंचाच आवाज बसला होता. संध्याकाळी घोडी स्वतःच्या चाकांवर दांडिया बाजारात शिरली. बापू हॉर्न सोडायला तयार नव्हते. असा आनंदी माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात बापू गेले. गाडी आता विकली जाणार, असं सगळेच धरून चालले होते. एका दुपारी काकूंनी गॅलरीतून मला हाक मारली. डोळे तारवटलेले.

"किती दिवस झाले, दुपारचा डोळा लागत नाही रे. जरा सुरू कर ने तिला."

मी बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं, बशी ठेवली. बापूंनी शिकवलं होतं तेवढं आठवून स्क्रू पिळत राहिलो.

"चहा हलतोय का?" वर झोपाळ्यावरून काकूंनी विचारलं.

बराच वेळ हलत होता. मग थांबला.

"नाही काकू, थांबला!" मी आनंदाने ओरडलो.

वर पाहिलं, तर झोपाळाही थांबला होता. काकूंना झोप लागली होती.