अनवाणी पारख

गंगाक्का जुन्या गाडीपाशी गेल्या की आधी पायातल्या चपला काढायच्या. पाहणाऱ्याला वाटायचं, बाई देवभोळी दिसते, लोखंडाच्याही पाया पडते. तसं काही नव्हतं. दार उघडून त्या अनवाणी आत शिरायच्या, खालची चटई गुंडाळायच्या आणि पत्र्यावरून सावकाश तळवे फिरवायच्या. कुठं ठिगळ मारलंय, कुठं पत्रा गंजून पापडासारखा झालाय, ते त्यांच्या तळव्यांना कळायचं. "डोळ्याला रंग फशिवतो, लेकरा. तळव्याला कोन फशिवनार?" असं म्हणत त्या खाली उतरून चपला घालायच्या, तोवर गाडीवाल्याला घाम फुटलेला असायचा.

मी तेव्हा मुरुम गावी सहकारी दूध संस्थेत नोकरीला होतो. अक्का आमच्याच गल्लीत राहायच्या. धिप्पाड बाई, अंगावर इरकल लुगडं, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची म्हैस कान टवकारायची. त्यांचे यजमान साखर कारखान्याला ऊस वाहायचे. त्यांनी एकदा ऐन हंगामात जुनी लॉरी घेतली. दोन मोडक्या लॉऱ्यांचे अर्धे अर्धे सांगाडे जोडून ती एक केलेली होती, हे भर रस्त्यात उसासकट तिची कंबर मोडली तेव्हा कळलं. यजमानांनी हाय खाल्ली. अक्का मात्र पदर खोचून त्या सांगाड्याजवळ बसल्या आणि मिस्त्रीकडून एकूण एक बोल्ट खोलून घेतला. "आता गाडीच्या पोटात काय हाय ते बघितल्याबिगर म्या हां म्हनायची न्हाय," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. पुढं जुनी गाडी घेणारा जो तो त्यांनाच बोलवायला लागला. त्या कुणाकडून काही घेत नसत. चहा मात्र कडक लागायचा.

मला जुन्या विलायती गाडीचं वेड होतं. स्वतः खोलायची, स्वतः जोडायची आणि एक दिवस ऐटीत रस्त्यावर काढायची, एवढीच इच्छा. अशी एक गाडी अणदूरला निवृत्तीअण्णांच्या गोठ्यात उभी होती. त्यांचा थोरला भाऊ कंत्राटदार होता, त्यानं ती हैदराबादेहून आणली होती. भाऊ गेला आणि गाडी तिथंच राहिली. दुष्काळाचं वर्ष होतं. बैलांना चारा नव्हता, म्हणून अण्णांनी ती विकायला काढली. पण बघायला येणारा प्रत्येक जण नाक मुरडून परत जायचा. साऱ्या गाडीवर लालभडक रंगाचे थरावर थर चढवलेले. खाली सगळं कुजलंय, ते झाकायला रंग थापलाय, असं जो तो म्हणायचा. भाव उतरत उतरत माझ्या ऐपतीपर्यंत आला. मी अक्कांना घेऊन एसटीनं अणदूर गाठलं. "अक्का, माझ्या बाजूनं बघा हां," असं वाटेत बजावूनही ठेवलं.

अण्णा बैलांजवळ उभे होते. बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. "घेनार आसाल तरच बघा," ते म्हणाले. "लोकांनी बघून बघून तिची लाज काढलीया. ही गेली न्हाय तर येत्या बाजारात बैलं काढावी लागत्याल."

अक्कांनी चपला काढल्या. त्या इतका वेळ आत राहिल्या की माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी एकेका काचेच्या कोपऱ्यातली कंपनीची खूण वाकून पाहिली, कुणी खोललेत का ते बघायला स्क्रूच्या खाचांवरून बोट फिरवलं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून ते साऱ्या अंगावरून सरकवलं. पत्र्याची भोकं बुजवायला कुठं लांबीचा लगदा भरलेला असला की ते निसटायचं. इथं ते कुठंच निसटलं नाही. शेवटी दाराच्या खालच्या कडेला त्यांनी नाण्यानं खरवडलं. लाल निघाला, खाली निळा, खाली पुन्हा लाल आणि सगळ्यांच्या तळाशी गर्द हिरवा, चकाकता.

"आन्ना, ह्यो रंग कुनी दिला?"

अण्णा ओशाळले. "म्याच की. दर पोळ्याला. दादा गेल्यापासनं ती बैलांसंगंच उभी हाय. त्यांची शिंगं रंगवायची आन हिला तशीच ठिवायची, जिवाला बरं वाटंना."

टपावर हात ठेवून अक्का म्हणाल्या, "लोकं म्हनत्यात रंगाखाली चोरी हाय. रंगाखाली कंपनीचा रंग हाय, आन्ना. एक पत्रा बदललेला न्हाय, एक काच बदललेली न्हाय. इंजन जाम हाय, ते सुटंल. गाडी अस्सल हाय." आणि अण्णांनी मागितलेल्या किमतीच्या दीडपट आकडा त्यांनी खणखणीत आवाजात सांगितला. "ह्याच्या खाली दिऊ नगा."

माझी गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली. परतीच्या एसटीत मी फुगून बसलो. "तुम्ही माझ्या बाजूनं होतात ना?" मी विचारलं.

"तुझ्याच. स्वस्तात नेली असतीस आन उद्या त्याला कळलं असतं, तर अणदूरातनं भोंगा वाजवत जाता आलं असतं व्हय तुला?"

पुढं सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं अक्कांनी सांगितलेल्या भावानं गाडी नेली. काही दिवसांनी निवृत्तीअण्णा शोधत शोधत माझ्या कचेरीत आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "बैलं वाचली. परवा बाजारात अक्का भेटल्या, त्यांनी सांगितलं मला, खरी किंमत सांगा म्हून तुमीच त्यांला निघतानाच बजावलं व्हतं. सोताचं नुकसान करून कोन असं करतंय?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

तडक अक्कांकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. "अक्का, तुम्ही खोटं सांगितलंत त्यांना!"

त्यांनी मान वर केली नाही. "गाडीबद्दल म्या कधी खोटं बोलले न्हाय. मानसाबद्दल एक बोलले. आता ते खरं करायचं तुझ्याकडं हाय."

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. ते काम अजून चालूच आहे.