आज ठकीची पोर रडेना

शेलूच्या नि कुंभिवलीच्या बहिणींनो, एकच कार्ड हाय, वाचून एकमेकींकडं धाडा. अक्षर वाकडं आलंय, घाईत लिहितेय.

आज दुपारी माझी लेक ठकी माझ्याच घरात बाळंत झाली. सुईण मीच. गावातली निम्मी पोरं माझ्या हातावर आलीत, पण लेकीची येळ वेगळी असते गं. त्यात लढाई लागल्यापासून रॉकेल मिळत नाय, खोलीत दिवसाही अंधार.

पोर हातात आली, पण रडेना! पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या, तरी आवाज नाय. तिची छाती थरथरल्यासारखी लागली, पण मला वाटलं, माझाच म्हातारा हात थरथरतोय. धाकट्या जावेवर ओरडले, "थाळी वाजव गं, दचकून तरी रडंल!" ती तोंडाला पदर लावून उभी. मला वाटलं, रडतेय. मी पुन्हा पाठ चोळायला लागले.

तेवढ्यात ठकीनं माझा दंड धरून ओढला नि कानाशी ओरडली, "आये, बास कर! पोर कवाची बोंबलतीय, आळी गोळा झाली दारात!"

मी पोरीचं तोंड कानाला लावलं, तेव्हा कुठं ऐकू आलं. काय गोड ओरडते गं! जाऊ पदराआड हसत होती.

वर्षभर कान गेल्याचं लपवलं, आज नातीनं उघडं पाडलं. पुढच्या बाळंतपणाला जावेला संगं नेणार. हात माझे, कान तिचे.

आता खरं लिहा, ऐकू येत नसताना मान डोलावणारी तुमच्यात कोण कोण हाय?