सासूबाईंची धुतलेली चादर

आमच्या सासूबाईंना जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे डाग. चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवलेली बाई! मागच्या अंगणात चादरी वाळत घातल्या, की शेजारच्या कारखान्याची चिमणी त्यांच्यावर काजळी सोडणार. गिऱ्हाइकं तुटत चालली होती. आणखी सहा महिन्यांत दुकानाला कुलूपच लागलं असतं.

मग स्वच्छ हवेसाठी झगडणारी पोरं आली. चौकात भलीमोठी जाहिरात लावायचं ठरलं: सासूबाईंच्या हातात काळी चादर आणि खाली ‘हेच आपल्या छातीत जातं’. मी तीन दिवस चादर दोरीवर ठेवून चांगली काळी केली. आणि फोटोच्या दिवशी या बाईंनी काय करावं? चारचौघांत मळकी चादर कशी दाखवायची, म्हणून ती धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून आणली. फोटोवाला नवखा, त्याने मुकाट्याने फोटो काढला. पोरं घाईत. जाहिरात लागलीसुद्धा!

चौक पोट धरधरून हसला. दोघी तर साबण कुठला वापरता म्हणून विचारायला आल्या. पेपरात मथळा आला, ‘प्रदूषण कुठाय?’ कारखान्याच्या साहेबांनी ते कात्रण फाटकावर डकवलं. पोरं रडकुंडीला आली, मी कपाळाला हात लावला. सासूबाई मात्र चादर फोटोत किती खुललीय, ते शेजारणीला दाखवत होत्या. धन्य आहे बाई!

पण एवढं हसं झालं म्हणूनच टीव्हीवाला अंगणात आला, पांढराशुभ्र सदरा घालून. काजळी दाखवा म्हणाला. सासूबाईंनी तीच चादर दोरीवर टाकली आणि नीळ किती घालावी यावर त्याचं बौद्धिक घेतलं, चांगलं वीस मिनिटं. सगळं थेट दिसत होतं. चिमणी आपलं काम करत होती. कॅमेरा हळूच चादरीकडे वळला, ती करडी. मग सदऱ्याकडे वळला, तोही करडा.

सासूबाईंनी त्याची कॉलर बोटाने चोळून पाहिली आणि कळवळल्या.

“काढ रे बाळा तो सदरा, देते धुऊन. पण वाळत कुठे घालू, ते तू सांग.”

चौकात टीव्हीसमोर जमलेले लोक आपापल्या कॉलरी चाचपू लागले.

दुसऱ्या दिवशी फाटकावरचं कात्रण दिसेना. हसणाऱ्यांनीच तिथे आपले काळवंडलेले सदरे टांगले होते, दीडशेच्या वर. सासूबाई कपड्यांची टोपली घेऊन ते धुवायला आणायला निघाल्या होत्या. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.