नाल्याच्या वरचे मासे

तुमच्या ताटातला मासा नदीत नेमका कुठे पकडला, हे तुम्ही कधी विचारलंय का?

काळेवाडीच्या बाजारात एक मासेवाली बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. कारखान्यांचं पाणी ज्या नाल्यानं पवनेत पडतं, त्याच्या खालच्या अंगाचे मासे ती विकत नसे. पहाटे नदीकाठानं वर पुनावळ्यापर्यंत चालत जाऊन नाल्याच्या वरचे मासे आणायची आणि पाटी उघडण्याआधी ते कुठले, हे मोठ्यानं सांगायची.

एका रविवारी पाटीत नुसती वांगी होती.

"मावशी, मासे?"

"वर घावलं न्हाई. खालचं लई व्हतं, चकचकीत. पर लोक पोराबाळांना खाऊ घालत्यात, राव."

नदी वाचवण्यासाठी आमच्या गटानं नुकतंच छापलेलं पत्रक मी उत्साहानं वाचून दाखवलं. पारा, शिसं माशाच्या अंगात साठतं, डोळ्यांना दिसत नाही, शिजवूनही जात नाही.

ती खदखदून हसली. "एवढं छापायला इतकी वर्सं लागली व्हय? नाल्याकडं बघायचं की! घ्या वांगी."

त्या दिवशी सगळी गिऱ्हाइकं हसत वांगी घेऊन गेली. मीही नेली. तसं भरीत पुन्हा खाल्लं नाही.

उद्या मासे घ्याल तेव्हा भाव नंतर विचारा. आधी विचारा, कुठल्या पाण्यातले?