अक्कांचा स्पीडब्रेकर

गाडीचं नाक जमिनीपासून पुरेसं वर आहे का ते बघायला खाली उभी मूठ घालायची, ती अडकली की मान हलवायची आणि म्हणायचं, "नाय बसत अजून." पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत हे रोज सकाळी चालायचं. मी गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवते, त्यामुळे सगळं माझ्या मशीनसमोरच. तुमच्याही गल्लीत असेल की असा एखादा!

हा समोरचा. गॅरेजात फिटर. डिझेल गाडी जुनी, पण हौस बघा! कंपनीचा इंटरकूलर काढून भलामोठा बाहेरचा बसवला. "इंजिनात थंड हवा गेली की गाडी पळते, ताई." पळते कसली! इंटरकूलर बंपरखाली असा लोंबायला लागला, की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरला घासायचाच. तो स्पीडब्रेकर त्याच्याच आईनं, अक्कांनी, स्लॅबच्या उरलेल्या मालातून करून घेतलेला, कारण हा कॉलेजात असताना मोटरसायकल उडवायचा. आता भोगा! अक्कांसमोर तो फोडायची छाती कुणाची नव्हती.

एकटा असला की गाडी कशीबशी निघे. अक्का अंगानं भरलेल्या. त्या शेजारी बसल्या की नाक खाली. मग स्पीडब्रेकर आला की हा वाकून डावं दार उघडायचा. अक्का उतरायच्या, चालत पलीकडे जायच्या, पुन्हा बसायच्या. "बठ्ठी दुनिया जास वरथून, तुनीच गाडी का अडकस रे भाऊ?" सगळी दुनिया वरून जाते, मग याचीच कशी अडकते, हा अक्कांचा रोजचा सवाल. हसण्याच्या नादात मी कितीदा बोटात सुई घुसवून घेतलीय.

त्याचं खरं अडलेलं मात्र वेगळंच होतं. पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजातून त्याला बोलावणं होतं, आणि अक्का घर सोडायला तयार नव्हत्या. विचारलं की म्हणायचा, "गाडीचं काम होऊ द्या, मग निघतोच." एकदा मात्र बोलून गेला, "या गल्लीत जीव गुदमरतो, ताई." मला फार वाईट वाटलं.

काम तो करतच होता. जागा व्हावी म्हणून हॉर्न वर सरकवला, पट्ट्यांना नवी भोकं पाडून इंटरकूलर उचलला, पुढच्या स्प्रिंगांत जाड रबरं बसवली. आणि एके सकाळी मूठ बसली! अक्कांसकट गाडी अलगद पलीकडे गेली. मी टाळ्या वाजवल्या. अक्का खिडकीतून स्पीडब्रेकरकडे बघत राहिल्या.

"मंग आते तू जाशी?"

त्यानं गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर हा गाडीखाली. बोल्ट काढून इंटरकूलर पुन्हा जुन्या भोकांत बसवत होता.

"अरे मेल्या, काय करतोस?"

त्यानं मूठ घालून दाखवली. "नाय बसत अजून, ताई."

ओट्यावर अक्का शेंगा सोलत होत्या, अगदी खुशीत. मला त्याचा असा राग आला, आणि रडूही आलं.

अक्का थंडीत गेल्या. तेरावं झाल्यावर त्यानं इंटरकूलर वर घेतला, घराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

"स्पीडब्रेकर फोडून टाकू का रे आता?" मी विचारलं.

"राहू द्या, ताई."

गाडी हळूहळू तोंडाशी आली. मूठ बसत होती, थांबायचं काही कारण नव्हतं. तरी तो थांबला. वाकून डावं दार उघडलं आणि तसाच बसून राहिला. मग दार ओढून घेतलं, आणि गाडी कुठेही न घासता पलीकडे गेली.