चोरबटण

माझे बाबा, मशहदची यात्रा केलेले म्हणून मश सैफुल्ला, एकतीस वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवत होते. काझेरून ते शिराझ, आणि शिराझ ते काझेरून. पाच प्रवासी, एक केशरी गाडी आणि मध्ये म्हातारीचा घाट. घाटाला म्हातारीचं नाव का पडलं असं कुणी विचारलं, की बाबा म्हणायचे, "सारखी अडवते म्हणून." आई जवळपास असली तर मात्र म्हणायचे, "काही कल्पना नाही बुवा."

अडवायची मात्र खरंच. उन्हाळ्यात भर दुपारी चढ लागला, की निम्म्या वाटेवर गाडी आचके द्यायला लागायची आणि बंद पडायची. पेट्रोलचा पंप तेव्हा इंजिनालाच चिकटलेला असायचा. इंजिन तापलं की तो तापायचा, आतलं पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ व्हायची आणि पुढे थेंब जायचा नाही. बाबा बॉनेट उघडायचे, आईच्या जुन्या चादरीचं फडकं पाण्यात भिजवून पंपाला गुंडाळायचे आणि मग स्वतःच्या घरी पाहुणे आल्यासारखे प्रवाशांकडे वळायचे. ओकच्या झाडाखाली सतरंजी, थर्मासमधला चहा, मीठ लावलेल्या काकड्या.

"गाडीला धाप लागलीय. तुम्हीही जरा दम खा."

एकदा एक जाडजूड हाजी करवादला, "मश सैफुल्ला, ही गाडी आहे का गाढव?"

"गाढव असतं तर हाजीआगा, तुम्हाला बघून स्टँडवरच खाली बसलं असतं."

सगळे हसले, हाजीसुद्धा हसला आणि त्याने पिशवीतून खजूर काढून वाटले. शाळेला सुट्टी असली की मी पुढच्या सीटवर दोन माणसांच्या मध्ये कोंबलेली असायचे. घाटातल्या त्या अर्ध्या तासासाठीच मी जायचे. अनोळखी माणसं तिथं एकमेकांना पोरींची स्थळं सुचवायची, पाठदुखीवर औषधं सांगायची आणि उतरताना एकमेकांचे पत्ते घ्यायची. इतकी सुखाची जागा मला पुढं कुठं सापडली नाही.

बाकीच्या ड्रायव्हरांनी विजेचे पंप बसवले तरी बाबा हटून बसले होते. "ओल्या फडक्यानं भागतंय तर वीज कशाला?" मग एका उन्हाळ्यात आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. काझेरूनच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब शिराझला न्या. बाबांनी नेलं, आणि घाटात गाडी बंद पडली. आई त्याच ओकखाली चादरीचं टोक दातात धरून पडलेली, आणि बाबा पिण्याचं सगळं पाणी पंपावर ओतत होते, रडत होते, गाडीला शिव्या देत होते. मी चौदा वर्षांची होते. बाबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आई ऑपरेशन होऊन वाचली आणि पुढची अकरा वर्षं ते पाणी बाबांना ऐकवत राहिली. "मी तहानेनं मरत होते आणि हा माणूस गाडीला पाजत होता!"

ती घरी आली त्याच आठवड्यात बाबा मला बरोबर घेऊन उस्ता खुदादादच्या गॅरेजमध्ये गेले. उस्ता काटकुळा, तोंडानं फटकळ आणि हातानं हळुवार माणूस.

"अखेर आलास!" उस्ता म्हणाला. "सात वर्षं सांगतोय."

"टोमणे घरी भरपूर मिळतात. तू पंप बसव."

दोन दिवस काम चाललं. इंजिनावरचा जुना पंप काढून त्या भोकावर पत्र्याची चकती बसवली. नवा विजेचा पंप मागे, टाकीपाशी, थंड जागी. नळी सायलेन्सरपासून लांबून नेली. आणि एक दुसरी नळी परत टाकीकडे आणली, म्हणजे उरलेलं पेट्रोल फिरत राहील, इंजिनापाशी थांबून उकळणार नाही. बाबा शेजारी उकिडवे बसून शंका काढत होते.

"जोराचा पंप घालूया की. चढाला बरा."

"मश सैफुल्ला, कार्ब्युरेटर म्हातारा आहे. त्याला घोट घोट पाजायचं, नरड्यात ओतायचं नाही."

शेवटी उरलं चोरबटण. विजेचा पंप आला की तेही आलंच. ते दाबल्याशिवाय पंप चालत नाही. चोरानं गाडी पळवली तरी कार्ब्युरेटरात उरलेल्या पेट्रोलवर कोपऱ्यापर्यंत जाते आणि थांबते. आमच्याकडच्या उस्तांचा यात एक नेम असतो. दोन वायरी मोकळ्या सोडून उस्ता बाहेर जातो आणि मालक हवं तिथं स्वतःच्या हातानं बटण बसवतो. उद्या गाडी गेलीच, तर उस्ताकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून. खुदादादनं हात पुसले, मला म्हणाला, "चल पोरी, आपण दोघं परके," आणि बाहेर नेऊन चहा पाजला. बाबा तासाभरानं घामाघूम होऊन बाहेर आले.

ते बटण कुठंय हे त्यांनी आईलाही सांगितलं नाही. आई म्हणायची, "त्याच्या मनातलं मला सगळं ठाऊक आहे, एवढं बटण सोडून." त्यानंतर घाटात गाडी एकदाही थांबली नाही. प्रवासी खूश, बाबा ऐटीत. माझं मात्र चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. सर्रकन घाट संपायचा, आणि माणसं शिराझला अनोळखीच उतरायची.

मी मोठी झाले, मास्तरीण झाले, गाडी शिकले. बाबांनी शहरात चालवू दिली. दरवेळी स्वतः सुरू करून मग जागा बदलायची. पण घाटाचं नाव काढलं की एकच उत्तर: "घाट तुझ्या हातचा नाही, फरंगीस." यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत.

आई गेली, आणि तिच्यामागून दोन वर्षांनी बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतंय किती ते सांगता येत नाही. कदाचित माणसं ओळखत असतील, कदाचित नाही. मी रोज विचारायचे. "बाबा, मी कोण? आईचं नाव काय?" ते खिडकीतून तुतीखाली उभ्या गाडीकडे बघत राहायचे. एकदा विचारलं, "बाबा, चोरबटण कुठंय?" त्यांनी 'देवाला ठाऊक' म्हटल्यासारखा डावा हात आभाळाकडे केला. ते उत्तर होतं की नुसता हात उडाला, हेही मला कळेना. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. जे बटण त्यांनी आईलाही सांगितलं नाही, तेच जर ते विसरले असतील, तर खुर्चीत बसलंय ते कोण?

पाच महिन्यांनी मी गाडी विकायला काढली. नुसरत आगा नावाचा संत्र्यांचा व्यापारी आला. आम्ही गालिचे उचलले, सीट उलट्या केल्या, राखदाणीसुद्धा उपसली. टरबुजाच्या बियांची टरफलं निघाली. बटण नाही. शेवटी त्यानं कार्ब्युरेटरात पेलाभर पेट्रोल ओतलं आणि गाडी दामटली. नानवाईच्या भट्टीच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. भाकऱ्यांच्या रांगेतल्या लोकांनी ढकलत परत आणली. खिडकीतून बाबांचा कसलासा घुसमटल्यासारखा आवाज आला. मी घाबरून आत धावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, त्रास होतोय.

मी उस्ता खुदादादला बोलावलं. "वायर सरळ जोडून टाका. दहा मिनिटांचं काम आहे."

"पाचच मिनिटांचं," तो म्हणाला. "पण करणार नाही. मालक जिवंत आहे."

"उस्ता, त्यांना काही कळत नाही हो!"

"कळत नाही असं कुणी सांगितलं? तू त्याला विचारलंस ते परीक्षा घेतल्यासारखं. आई कोण, मी कोण! ड्रायव्हरला कुणी असं विचारतं? त्याला गाडीत बसव आणि तू चालवायला बस."

चार्ज केलेली बॅटरी त्यानं बसवून दिली. आम्ही दोघांनी बाबांना उचलून शेजारच्या सीटवर बसवलं. मी स्टीअरिंगसमोर बसले, किल्ली घातली आणि या वेळी काहीच विचारलं नाही.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोर. डाव्या हातानं राखदाणी सबंध बाहेर ओढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग माझा हात धरून त्या रिकाम्या खोबणीत घातला, मनगटापर्यंत, आणि वरच्या बाजूला वळवला. बोटाला बटण लागलं. मी दाबलं. मागून, टाकीकडून, पंपाची घरघर सुरू झाली. प्रवाशांच्या बियांची टरफलं झाडायच्या निमित्तानं हा माणूस वर्षानुवर्षं तिथंच हात घालत होता.

"बाबा, तुम्हाला सगळं कळत होतं? त्या दिवशी खिडकीत हसत होतात? मग पाच महिने मला रडवलंत कशाला?" मी चिडून ओरडले. बाहेर उस्ता तोंड फिरवून नाक पुसत होता.

बाबांनी डावा हात उचलून रस्ता दाखवला. शहराच्या वेशीशी मी विचारलं, "घरी?" हात तसाच, घाटाकडे.

मी घाटात गाडी घातली. पहिल्या आंधळ्या वळणाशी बाबांनी डॅशबोर्डवर थाप मारली, हॉर्न दे! मी दिला, आणि वळणापलीकडून एक भलामोठा ट्रक निघाला. पुढच्या वळणाआधी पुन्हा थाप. त्याच्या पुढच्यालाही. मला रस्ता नीट दिसत नव्हता, डोळे भरून येत होते. पण घाटातलं एकही वळण माझ्या बाबांच्या हातून सुटलं नाही.